सही करण्याआधी विचारायचे प्रश्न: कंपनीचं कर्ज, हमी आणि संभाव्य देणी

लातूर, धाराशिव, बीड, परभणी, जालना या भागातल्या छोट्या कंपन्यांचे हिशेब मी बरीच वर्षं बघतो आहे. त्यात शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, डाळ मिल आणि जिनिंग आहेत, वाळूजला गाड्यांचे सुटे भाग करणारे वेंडर आहेत. ऑडिटच्या दिवसांत संचालक मंडळी तेच ते प्रश्न घेऊन येतात, आणि बहुतेक वेळा सही करून झाल्यावर येतात. म्हणून ते प्रश्न इथे उत्तरांसकट लिहून काढले. तुमच्या मंजुरीपत्रात एखादी अट वेगळी असेल, तर आधी ती वाचा.

संभाव्य देणं म्हणजे कर्जच ना?

नाही. कर्ज आज डोक्यावर असतं. संभाव्य देणं पुढे काही घडलं तरच डोक्यावर येतं. मेव्हण्यानं पतसंस्थेतून ट्रॅक्टरला कर्ज काढलं आणि तुम्ही जामीन राहिलात. तो हप्ते भरतोय तोवर तुमचा रुपयाही जात नाही. त्यानं भरणं थांबवलं की नोटीस तुमच्या दारात येते. मधल्या सगळ्या काळात तुमच्यावर होतं ते संभाव्य देणं. सरकारी कागदात त्याला आकस्मिक दायित्वही म्हणतात.

कंपनीच्या हिशेबात यासाठी लेखा मानक २९ आहे. पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त असेल आणि रक्कम अंदाजानं सांगता येत असेल, तर तरतूद करायची, म्हणजे ती रक्कम यंदाच्या नफ्यातून वजा करायची. शक्यता आहे पण तेवढी नाही, किंवा रक्कम ठरवताच येत नाही, तर ताळेबंदाखाली टीप द्यायची. शक्यता अगदीच नगण्य असेल तर काही लिहावं लागत नाही.

भांडण होतं ते पहिल्या दोन पायऱ्यांवर, कारण तरतूद केली की नफा घटतो आणि टीप दिली की घटत नाही. समजा, जालन्याकडच्या एका बियाणे कंपनीवर सोयाबीन उगवलं नाही म्हणून शेतकऱ्यांनी ग्राहक आयोगात दावा लावला. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीच्या पंचनाम्यात बियाण्यातच दोष असल्याचं आलं असेल, तर ही तरतूद आहे, नुसती टीप चालणार नाही. पेरणी खोल झाली, मग पावसानं ओढ दिली, असं पंचनामा म्हणत असेल, तर टीप पुरेल. इथे संचालकांना बरं वाटेल ते लिहायचं नसतं. कागद काय म्हणतो ते लिहायचं असतं.

ताळेबंदात हे कुठे सापडतं?

शेवटच्या पानांवरच्या टिपांमध्ये. कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे त्या टिपेचे दोन भाग पडतात. पहिला भाग संभाव्य देण्यांचा: कंपनीवरचे तिनं मान्य न केलेले दावे, दिलेल्या हमी, आणि बाकी अशीच देणी. दुसरा भाग बांधिलकींचा: भांडवली कामाचे करार केलेत पण काम अजून व्हायचंय अशी रक्कम, अंशतः पैसे भरलेल्या शेअरवरची उरलेली मागणी, आणि इतर.

दुसऱ्या कंपनीशी भागीदारी करण्याआधी किंवा तिला मोठा उधार माल देण्याआधी लोक विक्री आणि नफा बघतात. मी आधी हे पान उघडतो. तिथे "काही नाही" लिहिलेलं असेल आणि कंपनी सरकारी कंत्राटं घेत असेल, तर मला शंका येते. कंत्राटदाराकडे एकही बँक गॅरंटी नाही, हे पटत नाही.

लिमिट ६० लाखांची मंजूर आहे. मग बँक ४५ लाखांवर का अडवते?

हा प्रश्न दर हंगामात येतो, आणि दोष बहुतेक वेळा बँकेचा नसतो. कॅश क्रेडिट (सीसी) म्हणजे लागेल तशी उचल आणि भरणा करता येणारं कर्जखातं. मंजूर लिमिट ही त्याची वरची मर्यादा. त्या महिन्यात प्रत्यक्ष किती उचलता येतील ते ड्रॉइंग पॉवर ठरवते, आणि ड्रॉइंग पॉवर तुमच्या गोदामातल्या मालावर आणि येणे रकमेवर ठरते.

आकडे घेऊन बघू. गोदामात १,००० क्विंटल सोयाबीन आहे, भाव ५,००० रुपये. माल ५० लाखांचा. त्यातले ८ लाख शेतकऱ्यांना अजून द्यायचे आहेत, म्हणजे तेवढा माल तुमच्या पैशाचा नाही. राहिले ४२ लाख. त्यावर २५ टक्के मार्जिन (ज्यावर बँक कर्ज देत नाही तो तुमचा वाटा) धरलं तर ३१ लाख ५० हजार. व्यापाऱ्यांकडून येणे ३० लाख, पण त्यातले ६ लाख ९० दिवसांपेक्षा जुने आहेत. ते बँक सोडून देते. उरलेल्या २४ लाखांवर ४० टक्के मार्जिन, म्हणजे १४ लाख ४० हजार. दोन्ही मिळून ४५ लाख ९० हजार. मार्जिनचे टक्के बँकेगणिक बदलतात, पद्धत हीच.

आता भाव ४,४०० वर आला. एक पोतंही हललं नाही, तरी माल ४४ लाखांचा झाला. ८ लाख वजा करून ३६, मार्जिन काढून २७ लाख. ड्रॉइंग पॉवर ४१ लाख ४० हजार. तुम्ही ४५ लाख उचलून बसला असाल, तर ३ लाख ६० हजार जास्तीचे उचलल्यासारखे झाले. भाव वाढेल म्हणून माल धरून ठेवणाऱ्या कंपन्या इथेच अडकतात. भाव खाली, माल गोदामात, आणि खातं अनियमित.

हमीभाव खरेदीचं काम करणाऱ्या उत्पादक कंपन्यांची आणखी एक अडचण असते. वरून पैसे यायला उशीर झाला की ते येणे ९० दिवसांच्या पुढे जातं. पैसे बुडणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ड्रॉइंग पॉवरमध्ये ते शून्य धरले जातात. अशा वेळी आधीच बँकेत जाऊन, खरेदीच्या पावत्या दाखवून, लेखी सवलत मागा. शाखाधिकाऱ्याच्या तोंडी "बघू" वर विसंबू नका.

स्टॉक स्टेटमेंट अंदाजानं भरलं तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. दर महिन्याच्या धावपळीत मुनीम मागच्या महिन्याचेच आकडे थोडे खाली-वर करून पाठवतो, हे मी कित्येक ठिकाणी पाहिलंय. १ एप्रिल २०२१ पासून तिसऱ्या अनुसूचीत बदल झाला आहे. चालू मालमत्तेच्या तारणावर कर्ज असेल, तर बँकेला दिलेली तिमाही विवरणं कंपनीच्या पुस्तकांशी जुळतात का, हे ताळेबंदात लिहावं लागतं. जुळत नसतील तर फरक किती आणि का, तेही. म्हणजे मार्चमध्ये बँकेला ७० लाखांचा माल दाखवला आणि पुस्तकात ५२ लाख निघाला, तर तो फरक ऑडिटरसमोर येणार आणि छापला जाणार.

नसलेला माल दाखवून पैसे उचलणं ही फसवणूक आहे, आणि तिची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. मुनिमावर येत नाही.

विवरण वेळेवर दिलं नाही तरी नुकसान आहे. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टॉक स्टेटमेंटवर काढलेली उचल रिझर्व्ह बँकेच्या नियमांत अनियमित धरली जाते, आणि ती अनियमितता सलग ९० दिवस राहिली की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं. तुम्ही व्याज भरत असलात तरीही.

सीसी खात्याला हप्ताच नसतो. मग ते थकीत कसं होतं?

तीन वाटांनी. बाकी लिमिटच्या किंवा ड्रॉइंग पॉवरच्या वर सलग ९० दिवस राहिली, किंवा ९० दिवसांत खात्यात काहीच जमा झालं नाही, किंवा झालं ते लागलेल्या व्याजालाही पुरलं नाही. त्याआधी बँक इशाऱ्याच्या पायऱ्या लावते. लिमिटच्या वरची बाकी ३० दिवसांपलीकडे गेली की एसएमए-१, ६० दिवसांपलीकडे गेली की एसएमए-२. एसएमए-२ ला पोचलात की शाखेच्या हातात फार काही उरत नाही. एसएमए-१ वर असताना बोला, तेव्हा लिमिटची फेरआखणी मागता येते.

जिनिंगवाल्यांनी मंजुरीच्या वेळीच हंगामी आणि बिगरहंगामी अशी दोन लिमिट मागून घ्यावी. कापूस यायचं थांबलं की जूनमध्ये खात्यात जमा काय करणार?

मंजुरीपत्रात काय वाचायचं?

सगळं. निदान या जागा तरी: व्याजदर कशाला जोडलाय आणि कधी बदलतो, तारण काय, हमी कुणाची, बँकेला न विचारता काय करता येणार नाही (नवं कर्ज, लाभांश, संचालक बदल, दुसऱ्याला हमी), आणि दंड किती. १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांना दंडव्याज लावता येत नाही. दंडात्मक शुल्क लावता येतं, पण ते मुद्दलात मिळवून त्यावर व्याज चढवता येत नाही. खातेउतारा काढून एकदा ताडून बघा.

कंपनीचा "सातबारा" असतो का, ज्यावर बोजा दिसेल?

असतो. सातबाऱ्यावर इतर हक्कांत जसा बँकेचा बोजा चढतो, तसा कंपनीच्या मालमत्तेवरचा बोजा कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदवावा लागतो. फॉर्म सीएचजी-१, मुदत ३० दिवस. जादा शुल्क भरून ६० दिवसांपर्यंत, आणि त्यापुढे रकमेच्या प्रमाणात शुल्क भरून आणखी ६० दिवस. कंपनी दिवाळखोरीत गेली तर नोंद नसलेला बोजा लिक्विडेटर (कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी) मानत नाही, म्हणून बँकही याबाबत कडक असते.

लोक विसरतात ते उलट काम. कर्ज फिटलं, बँकेनं बेबाकी दाखला दिला, पेढे वाटले, आणि बोजा तसाच राहिला. सीएचजी-४ भरून तो ३० दिवसांत उतरवायचा असतो. सात-आठ वर्षांनी नवं कर्ज मागायला जाता तेव्हा जुना ट्रक, जुनं यंत्र अजून गहाणच दिसतं, आणि दाखला देणाऱ्या बँकेची शाखा तोवर दुसरीत विलीन झालेली असते. गावात फेरफार करून घ्यायला तलाठ्याकडे चार चकरा मारणारे हेच लोक, इथे एक फॉर्म भरत नाहीत.

वाळूज, शेंद्रा, लातूर कुठेही एमआयडीसीचा भूखंड असेल, तर तो भाडेपट्ट्याचा आहे. गहाण ठेवायला एमआयडीसीची परवानगी लागते.

कंपनी मर्यादित जबाबदारीची आहे. मग माझं घर कसं अडकतं?

तुम्ही वेगळ्या कागदावर वैयक्तिक हमी दिली म्हणून. भागधारक म्हणून तुमची जबाबदारी शेअरच्या रकमेपुरती आहे, हे खरंच आहे. पण छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची स्वतःची हमी मागते, आणि त्या सहीनं तुम्ही भागधारकाशिवाय जामीनदारही होता.

भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. "आधी कंपनीचं विका, मग माझ्याकडे या" असं जामीनदार म्हणतो, पण बँकेवर तसं बंधन नाही. दोघांकडे एकाच वेळी जाता येतं. पाच संचालकांनी हमी दिली असेल तर बँक पाचही जणांकडून एकेक हिस्सा मागत बसत नाही. ज्याच्याकडे मिळेल त्याच्याकडून पूर्ण मागते. ज्यानं भरले त्यानं बाकीच्यांकडून त्यांचा वाटा वसूल करायचा, हा हक्क कलम १४६ देतं. नात्यागोत्यातल्या, एकाच गावातल्या संचालकांमध्ये तो कितपत वापरला जातो, ते तुम्हीच जाणता.

कंपनी दिवाळखोरी कायद्यात गेली आणि तिथे कर्जाची तडजोड झाली, तरी जामीनदार आपोआप सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २१ मे २०२१ रोजी ललितकुमार जैन प्रकरणात हे स्पष्ट केलं.

म्हणून हमीची रक्कम मर्यादित करून मागा. "या खात्यावरच्या सगळ्या देण्यांसाठी" या शब्दांऐवजी ठरावीक आकडा लिहून घेता येतो का, ते विचारा. दर वेळी बँक ऐकेल असं नाही. पण विचारणारेच मुळात कमी असतात.

संचालकपदाचा राजीनामा दिला की हमी संपते ना?

संपत नाही. याचा मला जितका त्रास होतो, तितका दुसऱ्या कुठल्याच प्रश्नाचा होत नाही. उदगीरकडचे एक निवृत्त शिक्षक गावच्या उत्पादक कंपनीत संचालक होते. वाद झाला, त्यांनी राजीनामा दिला, तो नोंदवलाही गेला. चार वर्षांनी त्यांना नोटीस आली. कंपनीचं खातं त्यांच्या राजीनाम्यानंतर थकलं होतं, पण हमीपत्र त्यांचंच होतं. त्यांचा समज असा, की पद गेलं म्हणजे सही गेली. त्यांना हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्या कंपनीचे हिशेब माझ्याकडे होते, आणि मीही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून राजीनाम्याचा मसुदा करून मागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हमीपत्राची प्रत मागतो.

सीसीसाठी दिलेली हमी बहुतेक सतत चालू राहणारी असते. कलम १३० प्रमाणे अशी हमी पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते. नोटिशीच्या दिवशी जी बाकी असेल तिची जबाबदारी राहते. पण बँकेच्या छापील मसुद्यात यावर बंधनं घातलेली असतात, म्हणून आधी मसुदा वाचा. मग ही कामं करा: बँकेला लेखी नोटीस पोच घेऊन द्या, त्या दिवसाचा खातेउतारा मागा, तुमच्या जागी नवा हमीदार घेण्याचा कंपनीचा ठराव करून घ्या, आणि हमीमुक्तीचं पत्र बँकेकडून हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. त्यानंतरही सिबिल अहवाल काढून बघा. जामीन राहिलेलं कर्ज तुमच्या अहवालात दिसतं, आणि उद्या मुलीच्या शैक्षणिक कर्जाला ते आडवं येऊ शकतं.

जामीनदार वारला तर त्याच्या वारसांचं काय?

पुढच्या व्यवहारांपुरती हमी थांबते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आधीच्या बाकीसाठी वारसांकडे जाता येतं, पण त्यांना वारशानं मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. त्यांच्या स्वतःच्या कमाईपर्यंत नाही.

आमच्या कर्जाला सरकारी गॅरंटी आहे. मग चिंता कशाला?

ती गॅरंटी तुमच्यासाठी नाही, बँकेसाठी आहे. विनातारण कर्ज मिळावं म्हणून सन २००० मध्ये सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी सीजीटीएमएसई हा हमी निधी सुरू झाला. १ एप्रिल २०२५ पासून त्यात १० कोटींपर्यंतचं कर्ज बसतं. शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी वेगळा हमी निधी आहे: १ कोटीपर्यंतच्या कर्जाला ८५ टक्के, १ ते २ कोटींना ७५ टक्के संरक्षण. कर्ज बुडालं तर निधी बँकेला भरपाई देतो. तुमचं देणं मात्र तसंच राहतं. बँक वसुली चालूच ठेवते आणि मिळालेल्या पैशातून निधीचा वाटा परत करते. "सरकारनं भरलं, आता सुटलो" असं सांगणारे लोक गावागावात आहेत. त्यांचं ऐकू नका.

तारणात शेतजमीन दिली आहे. ती थेट जप्त होते का?

न्यायालयात न जाता बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा २००२ शेतजमिनीला लागू होत नाही, कलम ३१ मध्ये तशी सूट आहे. म्हणून बँका एनए केलेला प्लॉट, घर, गोदाम मागतात. पण सूट आहे म्हणजे जमीन सुरक्षित, असं नाही. बँक दिवाणी न्यायालयात, किंवा देणं २० लाख आणि त्यावर असेल तर कर्जवसुली न्यायाधिकरणात जाऊ शकते. जिल्हा बँक किंवा पतसंस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ चा दाखला घेऊन वसुलीला येते. सूट एका वाटेपुरती आहे.

कारखान्यानं ऊसतोड-वाहतूकदारांसाठी हमी दिली. ती कुठे लिहायची?

संभाव्य देण्यांत, पूर्ण रकमेनं. बीड आणि धाराशिवकडे हे नेहमीचं आहे. वाहतूकदार बँकेकडून कर्ज उचलतो, त्यातून मुकादमाला आणि मुकादम टोळीला उचल देतो, आणि बँकेला हमी साखर कारखान्याची असते. टोळी आलीच नाही, मुकादम दुसऱ्याच कारखान्याला गेला, वाहतूकदाराचा हप्ता थकला, तर बँक कारखान्याकडे बघते. हंगाम संपल्यावर कुणाचं किती थकलं याची नावनिशी यादी करा. जिथे वसुलीची आशा उरलेली नाही तेवढ्यापुरती तरतूद करा, बाकी टिपेत ठेवा. सगळी रक्कम वर्षानुवर्षं टिपेतच ठेवणं खोटं आहे.

एफआरपीचं, म्हणजे उसाला द्यायच्या किमान दराचं, तसं नाही. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर १५ टक्के व्याज, असं ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ सांगतो. थकलेली एफआरपी हे सरळ देणं आहे. तिच्यावरचं व्याज कारखाने "मागितलं तर बघू" म्हणून टिपेत ढकलतात. कायद्यानं ते लागलेलंच असतं, म्हणून माझं मत तरतुदीच्या बाजूनं आहे.

आणि राज्य सरकार कारखान्याच्या कर्जाला थकहमी देतं, ते कुणाचं संभाव्य देणं? सरकारचं. कारखान्याच्या पुस्तकात ते पूर्ण कर्जच.

अनुदान मिळालं. ते परत मागितलं जाऊ शकतं का?

हो. राज्याच्या स्मार्टसारखा प्रकल्प असो की भागभांडवलावरचं समान अनुदान (सभासदांनी घातलं तेवढंच सरकारनं घातलेलं), करारात अटी असतात: यंत्र अमुक वर्षं विकायचं नाही, गोदाम त्याच कामाला वापरायचं, हिशेब वेळेवर द्यायचा. अटी पाळताय तोवर टीप द्या. अट मोडल्याचं पत्र आलं आणि ते खरं असेल, तर तरतूद करा. अनुदानातून घेतलेलं क्लीनिंग-ग्रेडिंग युनिट भाड्यानं देऊन टाकण्याआधी करार वाचावा, एवढी विनंती मी प्रत्येक कंपनीला करतो. केंद्राच्या योजनेत समान भाग अनुदान सभासदामागे २,००० रुपये, कंपनीला जास्तीत जास्त १५ लाख आहे. छोट्या कंपनीला १५ लाख परत करायची वेळ आली तर ती बंद पडते.

जीएसटीची नोटीस आली आहे. लगेच संभाव्य देणं लिहायचं?

नुसती कारणे दाखवा नोटीस असेल तर सहसा नाही, कारण मागणी अजून ठरलेली नाही. आदेश निघाला आणि तुम्ही अपिलात गेलात की लिहायचं. जीएसटीच्या पहिल्या अपिलाला वादातल्या कराच्या १० टक्के आधी भरावे लागतात. ते खर्चात टाकू नका, येणे म्हणून दाखवा, आणि पूर्ण मागणी टिपेत द्या. वकिलाचं लेखी मत फाइलला ठेवा. ऑडिटर ते मागणारच.

वाळूजच्या मोठ्या कंपनीची बिलं बँकेत वटवली. पैसे आले, विषय संपला?

खरेदीदारानं पैसे दिले नाहीत तर बँक तुमच्याकडे परत येणार असेल, तर संपला नाही. वटवलेल्या, पण अजून न फिटलेल्या बिलांची रक्कम टिपेत येते. ट्रेड्सवर (बिलं विकण्याच्या ऑनलाइन व्यासपीठावर) बिल विकलं असेल तर पैसे देणारा विक्रेत्याकडे परत येऊ शकत नाही, म्हणून तिथे विषय खरंच संपतो. व्याजातला थोडा फरक सोसूनही मी छोट्या वेंडरांना ट्रेड्स सुचवतो.

याच वेंडरांनी परदेशातून सीएनसी (संगणकावर चालणारं) यंत्र ईपीसीजी या निर्यातीच्या अटीवरच्या योजनेखाली आयात शुल्क वाचवून आणलेलं असतं. वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करायची, हे तेव्हा कबूल केलेलं असतं, आणि नंतर कुणाला आठवत नाही. निर्यात झाली नाही तर शुल्क व्याजासकट भरावं लागतं. दर मार्चला किती निर्यात बाकी आहे ते लिहा.

यंत्राची ऑर्डर दिली पण यंत्र आलं नाही. हे काय धरायचं?

बांधिलकी. ६० लाखांच्या डाळ मिलच्या यंत्रांची ऑर्डर, १२ लाख आगाऊ दिले, तर ४८ लाख टिपेत. आगाऊ दिलेले १२ लाख ताळेबंदात येणे.

कंत्राटासाठी बँक गॅरंटी दिली. काम संपलं. आता?

मूळ कागद परत आणा. बँक गॅरंटी बहुतेक बिनशर्त असते. समोरच्या खात्यानं मुदतीत मागणी केली की बँक पैसे देते, काम नीट झालं की नाही हा वाद नंतर. काम संपूनही दोष-दायित्व काळ (कामातला दोष तुम्ही दुरुस्त करून द्यायची मुदत) उरलेला असतो. तो संपला की खात्याकडून मुक्तिपत्र आणि मूळ गॅरंटी घेऊन बँकेत जमा करा, म्हणजे मार्जिनची ठेव सुटते. जिल्हा परिषदेच्या, जलसंधारणाच्या जुन्या कामांच्या कितीतरी ठेवी फक्त पाठपुरावा न केल्यामुळे अडकून पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

आमच्या कंपनीनं भावाच्या फर्मसाठी हमी द्यावी का?

कंपनी कायद्याचं कलम १८५ आधी वाचा. संचालकाच्या नातेवाइकाला, किंवा संचालक अथवा त्याचा नातेवाईक भागीदार असलेल्या फर्मला कंपनीनं कर्ज देणं किंवा तिच्या कर्जाला हमी देणं मनाई आहे. काही खासगी कंपन्यांना सवलत आहे, ती तुम्हाला लागू होते का हे सीएकडून लेखी घ्या. समूहातल्या दुसऱ्या कंपनीला हमी देता आली, तरी २६ ऑक्टोबर २०२३ पासून त्या हमीचं मूल्य वर्षाला १ टक्का धरून त्यावर जीएसटी लागतो, मोबदला घेतला नसला तरी.

उत्पादक कंपनीनं सभासदाला कर्ज देण्याचे नियम वेगळे आहेत. संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला द्यायचं तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. दसऱ्याच्या तोंडावर संचालक मंडळाच्या बैठकीत चहा पिताना ते ठरवून चालत नाही.

बँकेची ६० दिवसांची नोटीस आली आहे. आता काय करू?

ती सरफेसीच्या कलम १३(२) ची नोटीस. पाकीट न उघडता ठेवून देऊ नका, आणि पोस्टमनला परतही पाठवू नका. ६० दिवसांच्या आत लेखी हरकत द्या: रक्कम कुठे चुकली, दंड कसा चढला, ड्रॉइंग पॉवर कशी मोजली, कुठली वसुली जमा धरली नाही. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर पुढे उपयोगी पडतं. याच काळात तडजोडीचा प्रस्तावही द्या, पण प्रस्ताव दिला म्हणून मुदत थांबत नाही.

बँकेनं ताबा घेण्याची कारवाई केली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही, छत्रपती संभाजीनगरला न्यायाधिकरण आहे. जाताना मंजुरीपत्र, हमीपत्र, तीन वर्षांचे खातेउतारे, स्टॉक स्टेटमेंटच्या पोच आणि नोटिशीचं पाकीट सोबत घ्या. नोटीस तुम्हाला कधी पोचली, ते पाकिटावरच्या शिक्क्यावरून दाखवता येतं.